हार्ड डिस्क वॉरंटीत आहे पण आत सगळा डेटा, परत पाठवू का?

पानगळ:
नमस्कार मंडळी, डेस्कटॉपमधली ४ टीबीची हार्ड डिस्क आहे, कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला तर अजून पाच-सहा महिने वॉरंटी दाखवतेय. हल्ली फोटोंचं एक फोल्डर उघडायला गेलं की सगळं अडकतं, माऊस फिरतो पण बाकी काहीच हलत नाही, मग बऱ्याच वेळाने उघडतं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं तर पिवळा कॉशन आलाय. ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) समोर शून्य, सी५ (वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर) समोर १८ आणि सी६ (दुरुस्त न झालेले सेक्टर) समोर पण १८. टकटक आवाज वगैरे नाहीये.

१८ म्हणजे तसा छोटाच आकडा ना? एवढ्यासाठी वॉरंटीत द्यावी का? एक तर ऐकलंय की बदली मिळते ती नवी कोरी नसते, दुरुस्त केलेली असते. आणि दुसरं म्हणजे आईबाबांचे स्कॅन केलेले जुने फोटो, बँकेची कागदपत्रं सगळं तिच्यावरच आहे, ते कुणा अनोळखी माणसाच्या हातात द्यायला मन धजत नाही. काही फोटोंचा बॅकअप आहे, सगळ्यांचा नाही. तोवर रात्रभर विंडोजचं चेकडिस्क लावून ठेवू का?

रात्रपाळी:
चेकडिस्क अजिबात लावू नका!! ते फाइल सिस्टीम दुरुस्त करतं, तुमचे फोटो वाचवत नाही, आणि बॅड सेक्टर शोधायच्या मोडमध्ये लावलं तर आधीच दमलेली डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत बसतं. वरून दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं. आत्ता तिच्यावर काहीच लिहायचं नाही.

आधी ज्या फोटोंचा बॅकअप नाही ते दुसऱ्या डिस्कवर घ्या, अडकणारं फोल्डर सगळ्यात शेवटी. ते नेहमीच्या कॉपी-पेस्टने निघत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं आणि मग खराब जागेकडे परत जातं, कुठपर्यंत आलंय ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं त्यामुळे मध्येच बंद करावं लागलं तरी पुढे तिथूनच सुरू. फक्त समोरची डिस्क तेवढी किंवा मोठी हवी, आणि कुठून कुठे कॉपी करायचंय ते दोनदा बघून मगच एंटर दाबा. मध्येच टकटक सुरू झाली तर लगेच बंद करा, मग ते घरी करायचं काम नाही. वॉरंटीत डिस्क मिळते, डेटा नाही, त्यामुळे परत पाठवायचं की नाही हे नंतर ठरवा.

आकडेमोड:
एक महत्त्वाचं राहिलं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे (रॉ व्हॅल्यू) मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून दाखवतं, त्यामुळे तुमचे १८ म्हणजे खरे २४. सेटिंगमध्ये दशमान करता येतं. आणि २४ ला आठाने भाग जातो हे बघा: हल्लीच्या डिस्कवर खरा सेक्टर ४ केबीचा असतो पण तो बाहेर ५१२ बाइटचे आठ म्हणून दाखवला जातो, म्हणजे बहुतेक तीनच जागा वाचता येत नाहीयेत.

पण तीनच आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात अशा संशयित सेक्टरचा पहिला आकडा दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता तसा आकडा नसलेल्या डिस्कपेक्षा १६ पट निघाली होती. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त गेलेल्या डिस्कनी मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. तुम्हाला निदान सांगून तरी जातेय.

कोरा_कागद:
मी असतो तर दिली नसती. बदली बहुतेक वेळा दुरुस्त केलेलीच येते आणि तिला वॉरंटी साधारण जुनीचीच उरलेली मिळते. कागदपत्रं दुसऱ्याच्या टेबलावर ठेवण्यापेक्षा डिस्क घरातच पडलेली बरी.

आकडेमोड:
कागदपत्रांचं पटतंय, पण मग पुसून द्या की. फक्त इथे एक पेच आहे. वाचता न येणाऱ्या सेक्टरवर नव्याने लिहिलं की डिस्क स्वतः ठरवते, जागा खरंच खराब असेल तर राखीव सेक्टर लावते आणि ०५ चा आकडा वाढतो, नाहीतर जागा ठीक मानून सी५ मधून काढून टाकते. म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्य लिहिल्यावर सी५ शून्य होऊ शकतं आणि तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. म्हणून पुसायच्या आधी एक्स्टेंडेड सेल्फ टेस्ट (डिस्क स्वतःच स्वतःची पूर्ण तपासणी करते तो) लावा, तो फेल झाला की नोंद डिस्कच्या लॉगमध्येच राहते, शिवाय स्क्रीनशॉट. अर्थात हे सगळं फोटो निघाल्यावरच.

पुसल्यावर परत टेस्ट लावा. ०५ वाढला किंवा सी५ परत आला तर डोळे झाकून वॉरंटीत द्या. दोन्ही शून्य राहिले तर लिहिताना वीज गेल्याने सुद्धा असं होतं, मग ठेवून लक्ष ठेवता येईल, पण एकुलती एक प्रत तिच्यावर नको.

पानगळ:
सगळ्यांचे खूप आभार. बॅकअप नसलेले सगळे फोटो निघाले, अडकणारं फोल्डर डीडीरेस्क्यूने काढलं, त्यातले दोन फोटो अर्ध्यापासून खाली करडे झालेत पण त्यांचे मूळ कागद घरी आहेत, परत स्कॅन करेन. एक्स्टेंडेड टेस्ट रीड एररवर थांबला, स्क्रीनशॉट घेतला. मग शून्य लिहिले, सी५ रिकामा झाला आणि ०५ शून्यावरून ८ वर गेला. आता मनात काही शंका नाही, परत पाठवतोय. पॅकिंग कसं करू?

रात्रपाळी:
छान झालं, फोटो हाती लागले हे महत्त्वाचं. डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत घाला, भोवती सगळ्या बाजूंनी जाड फोम, खोका हलवला तर आत काही हलता कामा नये. सीरियल नंबरच्या लेबलचा फोटो काढा आणि स्क्रू किंवा स्टिकरला हात लावू नका. बदली आली की आधी तिच्यावर पूर्ण लिहून-वाचून बघा आणि ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य असतील तरच फोटो टाका. नसतील तर लगेच परत करा, तीही वॉरंटीतच आहे.