मदत हवी आहे : मायग्रेनसाठी टीएमएस घ्यावं का? (तातडीचं आहे)

सोनकी
परवापर्यंत हो किंवा नाही कळवायचंय, म्हणून थेट विचारते. डॉक्टरांनी टीएमएस, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देण्याची मॅग्नेटिक ट्रीटमेंट सुचवली आहे. कुणी घेतली आहे का? दुखतं का? गुण येतो का? गोळ्या खाऊन जीव विटलाय. कृपया पाणी प्या, उन्हात जाऊ नका वगैरे सांगू नका, ते सगळं करून झालंय.

कवडसा
टीएमएस म्हणजे नक्की कुठलं? घरी डोक्याच्या मागे धरून एकेक झटका द्यायचं यंत्र, की दवाखान्यात खुर्चीत बसवून ओळीने शेकडो झटके देतात ते? नाव एक, उपचार दोन. आणि डोकं धरण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसतं का?

जुना_खलाशी
एवढा खर्च कशाला? मी मानेला चुंबकाचा पट्टा बांधतो. सहा महिने झाले, डोकं शांत आहे.

मेघमाला
मला झोपेची वेळ पाळून फरक पडला. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ, पाच मिनिटं इकडेतिकडे नाही. आधी हे करून पाहा.

कवडसा
खलाशीकाका, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे, पण पट्ट्यातलं चुंबक स्थिर असतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वीज निर्माण होते हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. १९८५ मध्ये शेफिल्डला बार्कर आणि सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वावर कवटी न उघडता मेंदूतल्या पेशी चेतवल्या. पट्ट्याने ते होत नाही.

जुना_खलाशी
तत्त्व तुमचं, डोकं माझं. मला गुण आला तो खोटा का?

सोनकी
पट्ट्यावरचं भांडण दुसरीकडे करा ना, प्लीज. खुर्चीवालं आहे, वीस बैठका. हो, आधी नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, वीसेक मिनिटं. मग उजवी बाजू ठणकायला लागते.

अनुराधा_प
म्हणजे ऑरा आहे, डोकं दुखण्याआधीची पूर्वसूचना. न विचारता सांगते: गर्भनिरोधक गोळी घेत असाल आणि तिच्यात इस्ट्रोजेन असेल तर डॉक्टरांशी आजच बोला. ऑरा असताना तिने पक्षाघाताचा धोका वाढतो. माझ्या बहिणीला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

कवडसा
या रेषा दिसतात तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकत असते. १९४४ मध्ये लिआओ या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या मेंदूत ती नोंदवली. एका झटक्याचं यंत्र ती लाट मोडण्यासाठी आहे. २०१० मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली: ऑरा सुरू होताच झटके दिलेल्यांपैकी ३९ टक्के दोन तासांनी वेदनामुक्त होते, नकली यंत्रवाल्यांपैकी २२. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये परवानगी मिळाली ती या यंत्राला. तुमच्या खुर्चीवाल्याला हे आकडे लावू नका. त्याच्यावरही चाचण्या झाल्यात, पण दरवेळी डोक्यावरची जागा वेगळी, झटक्यांची गती वेगळी.

दवबिंदू
मी खुर्चीवालं घेतलंय, पण नैराश्यासाठी. दुखत नाही, टाळूवर सुतारपक्षी टकटक करतोय असं वाटतं. आवाज मोठा असतो, कानात बोळे मागून घ्या. पहिल्या आठवड्यात डोकं उलट जास्त दुखलं. बरं, डोक्यात कुठे धातूची क्लिप, कानात इम्प्लांट, पेसमेकर? कधी फिट आली होती? माझ्याकडून यावर सही घेतली होती.

सोनकी
धातू नाही. फिट एकदाच, लहानपणी तापात. ते कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. त्याने फरक पडतो?

दवबिंदू
पडतो! खुर्चीवाल्या प्रकारात क्वचित फिट येऊ शकते, म्हणूनच आधी विचारतात. एक पैसाही भरण्याआधी फोन करून सांगा.

अनुराधा_प
आणि महिन्यातून किती दिवस गोळी घेता?

सोनकी
जवळजवळ रोज. वर्ष होत आलं. ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनची खास गोळी, आठवड्यातून तीनदा तरी.

अनुराधा_प
सोनकी, हे पहिल्याच ओळीत हवं होतं. साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. हे डॉक्टरांना माहीत आहे का? गोळ्या स्वतःहून एकदम सोडू नका, कशा कमी करायच्या ते त्यांनाच विचारा.

पाऊलवाट
माझ्या वडिलांच्या कानात सतत शिट्टी वाजते. त्याला ही खुर्ची चालेल का?

सोनकी
फोन केला. फिटचं ऐकल्यावर बैठका थांबवल्यात. सोमवारी गोळ्यांची वही घेऊन बोलावलंय. माझ्याकडे वही नाहीये, आज रात्री बसून आठवेल तेवढं लिहून काढते.