मदत हवी आहे : एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्या आणि ताईची हाडं

ताई ५२ वर्षांची, एचआयव्हीसह १४ वर्षं छान जगतेय. एआरटी केंद्रातून टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली गोळी) मिळते, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) कधीचाच दबलेला. पण गेल्या महिन्यात मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगटच मोडलं. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोर उणे २.८, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. टीएलडीतल्या टेनोफोव्हिरने हाडांची घनता कमी होते, त्यात पाळीही गेलेली. गोळी मनाने बंद करणार नाही, हे पक्कं. पण टीएएफ (टेनोफोव्हिरचाच हाडांना कमी त्रास देणारा प्रकार) किंवा अबॅकाविर (एचआयव्हीवरचं दुसरं औषध) यांवर कुणाला बदलून मिळालं का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू? शिवाय कॅल्शियम आणि डोल्युटेग्रॅव्हिर उपाशीपोटी एकत्र घ्यायचं नसतं. तुम्ही दोन्ही जेवणासोबत घेता की वेळा वेगळ्या ठेवता? ताई आता घरातही भिंत धरून चालते, बघवत नाही.