मदत हवी आहे: सप्लायर रेटिंगला डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस) लावलं, जवळजवळ सगळ्यांनाच १ यायलंय

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक पार्टच्या कारखान्यात पर्चेस बघतो. आमचं कास्टिंग इथल्या आणि कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडनं येतं, एकूण १४ सप्लायर. आता एक्सपोर्टचं गिऱ्हाईक म्हणतंय पर्यावरण पण रेटिंगमध्ये धरा, म्हणून एक्सेल सॉल्व्हरवर डीईएचं सीसीआर मॉडेल मांडलंय. कमी इनपुटात जास्त आउटपुट कोण देतंय ते हे इतरांशी तुलना करून सांगतं, १ म्हणजे सगळ्यात वरचा मार्क. इनपुट चार, म्हणजे दर, डिलिव्हरीचे दिवस, टनाला विजेचे युनिट आणि टनाला कार्बन, आणि आउटपुट तीन, ओके माल टक्के, वेळेवर टक्के, ऑडिटचे मार्क. आणि आलं काय, तर १४ पैकी ११ जण १ वर! त्यात क्युपोलावाला, म्हणजे कोकच्या (भाजलेल्या दगडी कोळशाच्या) भट्टीवाला, सगळ्यात स्वस्त तो पण १, आणि विजेवरची इंडक्शन फर्नेस बसवून वाळू परत वापरणारा बिचारा ०.८४. साहेब हसाय लागलेत. काय करू सांगा की कुणीतरी.

प्रतिसाद:
१४ ला सात घटक जास्त होतात हो. इनपुट आउटपुटच्या बेरजेच्या तिप्पट तरी सप्लायर पाहिजेत, म्हणजे तुम्हाला २१ लागतील. दर आणि कार्बन एवढेच इनपुट ठेवा, ओके माल आणि वेळेवर हे आउटपुट, मग १२ त भागतंय. आउटपुट टक्क्यात आहे तर १९७८ च्या सीसीआरपेक्षा १९८४ चं बीसीसी मॉडेल बरं, त्यात इनपुट दुप्पट तर आउटपुट पण दुप्पट असं धरलेलं नसतं. विजेचे युनिट मात्र आधी काढा, क्युपोला कोकवर चालतो, विजेत तो फुकटात सुटतोय. कोक किलोला साधारण ३ किलो आणि ग्रीडची वीज युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. टनाला १३० किलो कोक लागला तर ३९०, इंडक्शनला ६०० युनिट लागले तर ४२०. म्हणजे क्युपोला कार्बनमध्ये वाईटच असं आधीच धरून बसू नका, त्याचा धूर आणि धूळ हा वेगळा हिशोब आहे, तो पाहिजे तर ऑडिटला वेगळा बघा.

दुसरं म्हणजे डीईएत प्रत्येक सप्लायर आपल्याला सोयीचं वजन (कुठल्या घटकाला किती महत्त्व) घेतो, स्वस्तवाला सगळं वजन दरावर टाकून कार्बनला शून्य देतो आणि १ वर जाऊन बसतो. एकूण इनपुट १ ला बांधलेलंच असतंय, तेव्हा कार्बनचं वजन गुणिले त्याचा कार्बन किमान ०.२ अशी एक ओळ सॉल्व्हरमध्ये वाढवा. ०.२ की ०.३ ते साहेबांबरोबर बसून ठरवा, गणित ते सांगत नाही.

धागाकर्ता:
भारी, आजच लावून बघतो. पण दादा, क्युपोलावाले कोकचा आकडा द्यायला तयार नाहीत, विचारलं की चहा पाजतात नुसता. अंदाजे टाकला तर चालेल काय?

प्रतिसाद:
सगळ्यांना एकच अंदाज टाकलात तर चांगला आणि वाईट क्युपोला सारखेच दिसतील. वर्षभराची कोकची बिलं आणि वितळवलेले टन एवढंच मागा. देत नसेल त्याला वरच्या बाजूचा आकडा लावा आणि तसं आधी सांगून ठेवा, बिलं आपोआप येतात.