वडिलांचे जुने संगणक : लिलावात खरी किंमत किती येते?

नौपाडाकर : नमस्कार. इमारत पुनर्विकासाला जात असल्यामुळे पोटमाळा रिकामा करताना वडिलांचा 486 प्रोसेसरचा संगणक, त्यानंतरचा पेंटियम टू, त्यातले थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू टू हे खेळांसाठीचे ग्राफिक्स कार्ड आणि त्यांच्या कचेरीने निर्लेखित केलेला आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड निघाला. भंगारवाला सगळे किलोच्या भावाने मागतो आहे, तर ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर तसल्याच कीबोर्डाची किंमत पाहून डोळे पांढरे झाले. यातले खरे काय धरावे?

ऐरोलीकर : आपण पाहिलेला आकडा बहुधा विक्रेत्याने सांगितलेला आहे, त्याच्या हातात पडलेला नव्हे. शोधताना फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे झालेले सौदे दिसतील. त्यातलाही सर्वांत वरचा सौदा सोडून द्या. अशा लिलावात किंमत ठरते ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून, त्यामुळे दोन हट्टी ग्राहक समोरासमोर आले की आकडा भलताच चढतो आणि त्यांपैकी एकाची हौस भागली की तीच वस्तू पुढच्या वेळी निम्म्यातही जाऊ शकते. शिवाय ईबेचे भारतीय संकेतस्थळ 2018 सालीच बंद झाले; ते भाव परदेशी ग्राहकांचे आहेत आणि मॉडेल एमसारख्या दोनेक किलोंच्या कीबोर्डाचा टपालखर्च त्यातून वजा करावा लागेल.

वाशीकर : अख्खा संगणक विकू नका, सुटे भाग विका. मी एकदा काचेच्या नळीचा मॉनिटर थर्माकोलमध्ये बसवून पुण्याला पाठवला. तो फुटून पोहोचला आणि पैसे परत करावे लागले, तेव्हापासून मॉनिटर फक्त घरी येऊन नेणाऱ्यालाच देतो. वूडू टू हे 1998 सालचे कार्ड केवळ त्रिमितीय चित्र काढते, म्हणून साध्या ग्राफिक्स कार्डाचे चित्र एका आखूड केबलने त्यातून पुढे न्यावे लागते. ग्लाइड या थ्रीडीएफएक्सच्याच ग्राफिक्स प्रणालीसाठी लिहिलेले जुने खेळ मूळ कार्डावरच खेळणारे शौकीन ती केबल आहे का, हे आधी विचारतात. कीबोर्ड उलटा करून लेबलावरची तारीख आणि प्रत्येक कळ दाबल्यावर येणारा स्प्रिंगचा खटका, दोन्ही तपासा.

कळवेकर : विकण्याच्या घाईत 486 चालू करून पाहू नका. त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. ती गळली की तिच्यातला अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खातो, आणि आपल्याकडची खाडीकाठची दमट हवा उरलेसुरले काम पुरे करते. हार्डडिस्क मात्र वडिलांची कागदपत्रे काढून, पुसल्याशिवाय कोणालाही देऊ नका.

नौपाडाकर : सर्वांचे आभार. बॅटरीभोवती हिरवी बुरशी असावी तसा थर आहे, तेव्हा 486 भंगारातच जाईल. कीबोर्डावर 1991 सालची तारीख आहे आणि एक कळ सोडून सगळ्या खटकतात. ती आखूड केबल मात्र मी परवाच निरुपयोगी समजून भंगारवाल्याच्या गोणीत टाकली होती. आत्ताच त्याला फोन केला आहे.