विजेच्या गाडीचे वायपर हिवाळ्यात काचेला चिकटतात, उपाय काय?

ओंटारियोकर
नमस्कार. मी टोरोंटोजवळ राहतो आणि पेट्रोलची गाडी विकून विजेची घेतल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा आहे. गाडी उघड्यावर उभी असते. रात्री आधी पाऊस आणि मग बर्फ पडला की सकाळी वायपर काचेला घट्ट चिकटलेले असतात, आणि त्यांचे दांडे बॉनेटच्या कडेखाली दडलेले असल्यामुळे ते रात्री नुसते हाताने उचलून ठेवता येत नाहीत. जुन्या गाडीत इंजिन थोडा वेळ चालू ठेवले की तो भाग आपोआप सुटत असे. या गाडीत काच गरम होते, पण खालच्या खाचेतला बर्फ हलत नाही. असे का होते, आणि ब्लेडचे रबर न फाटता यातून मार्ग कसा काढावा?

हिमपर्ण
पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि तीच बॉनेटखालून वायपरच्या मुळाशी पोहोचते. विजेच्या मोटारीत असा अपव्यय फार थोडा असल्याने बॉनेट थंडच राहते. म्हणून निघण्यापूर्वी पुरेसा वेळ आधी ॲपवरून डीफ्रॉस्ट (काच तापवून बर्फ वितळवण्याची सोय) सुरू करावे, शक्यतो गाडी प्लगला लावलेली असताना. मात्र आपल्याकडे १२० व्होल्टचे साधे सॉकेट असेल, तर त्यातून जेमतेम १.४ किलोवॅट मिळतात आणि गोठलेली गाडी तापवायला त्याहून बरेच जास्त लागतात, त्यामुळे उरलेली वीज बॅटरीतूनच जाते. २४० व्होल्टच्या चार्जरवर ही अडचण सहसा येत नाही.

बॉनेट आणि काच यांच्या मधल्या जाळीवरचा बर्फही हाताने काढावा. गाडी बाहेरची हवा तिथूनच आत घेते आणि जाळी बुजलेली असेल तर काचेवर येणारा झोत मंदावतो.

जुना गाडीवान
दांडे उचलता येत नाहीत असे नाही. दडलेले वायपर असणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्लेड बदलण्यासाठी त्यांना काचेच्या मध्यावर आणून थांबवण्याची सोय असते. उदाहरणार्थ, टेस्लात ती पडद्यावरच्या ‘सर्व्हिस’ या भागात आहे आणि त्यासाठी गाडी पार्कमध्ये असावी लागते. गोठणाऱ्या पावसाचा इशारा असेल त्या संध्याकाळी ही सोय वापरून दांडे उभे करावेत, आणि सकाळी ते खाली ठेवल्यावर ती आठवणीने बंद करावी.

हिमपर्ण
गोठणाऱ्या पावसापुरते मान्य आहे, पण वादळी वाऱ्याच्या रात्री दांडे उभे ठेवू नयेत, कारण स्प्रिंगच्या जोरावर दांडा काचेवर आपटला तर थंडीने ताणलेल्या काचेला तडा जाऊ शकतो. अशा रात्री वायपर मध्यावर आणून काचेवरच टेकलेले ठेवावेत. तिथे डीफ्रॉस्टची ऊब नीट पोहोचते, आणि माझ्या मते एवढ्यानेच निम्मे काम होते.

ओंटारियोकर
आभारी आहे. गाडी सुरू होताच वायपर स्वतःहून हलू लागतात आणि मोटर कण्हल्यासारखा आवाज करते, त्याचे काय करावे?

जुना गाडीवान
गाडी उभी करतानाच वायपरचा ‘ऑटो’ पर्याय बंद करावा. नाहीतर काच ओली दिसताच ते गोठलेल्या स्थितीत ओढ घेतात आणि रबर तरी फाटते किंवा मोटरवर ताण तरी येतो. काचेवर गरम पाणी मात्र कधीही ओतू नये. वॉशरच्या टाकीत उन्हाळ्याचे द्रव उरले असेल तर ते फवारून संपवावे आणि उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारे भरावे, कारण उन्हाळ्याचे द्रव टाकीत आणि नळ्यांतच गोठते आणि मग हायवेवर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाच्या चिखलाने काच आंधळी झाली की नुसते वायपर तो चिखल पसरवतात.