उन्हाळी जेवणातली मसालेदार कणसे: मसाला दाण्यांवर टिकत नाही

प्रश्न (जेवणावळ):
नमस्कार. उन्हाळ्यातल्या एका जेवणासाठी मुख्य पदार्थांसोबत मक्याची कणसे ठेवायची आहेत आणि दहा-बारा माणसे असतील. अडचण अशी, की उकडलेल्या कणसावर वितळवलेले लोणी, मीठ, तिखट आणि मिरपूड घातली, की पाहता पाहता सगळे ओघळून ताटात जमते आणि वरचा मका सपकच लागतो. उकडण्याच्या पाण्यातच मसाला घातला तर चव आत मुरेल का? शिवाय कणसे आधी करून ठेवली, तर दाण्यांवर सुरकुत्या पडतात. त्यावर काही उपाय आहे का?

उत्तर (खलबत्ता):
पाण्यात मसाला घालून तो वाया घालवू नये. मक्याच्या प्रत्येक दाण्यावर चिवट साल असते आणि काही मिनिटांच्या उकडण्यात मसाल्याची चव त्या सालीतून आत शिरत नाही. फार तर थोडे मीठ वरच्यावर लागते. म्हणजे जी काही चव द्यायची, ती दाण्यांच्या बाहेरच धरून ठेवावी लागते, आणि ओल्या कणसावर लोणी कधीच धरत नाही. म्हणून कणसे पाण्यातून काढल्यावर ताटात आडवी न टाकता चाळणीत उभी करावीत. ती इतकी गरम असतात की दोनेक मिनिटांत वाफ निघून जाऊन दाण्यांवरची चकाकी कमी झालेली दिसते. लोणी लावायची वेळ ती.

लोणी वितळवू नये. ते बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावे आणि त्यात तिखट, मिरपूड, ठेचलेला लसूण असे जे आवडेल ते फेसून अर्धा तास तसेच राहू द्यावे, कारण तिखटाचा रंग आणि झणका हे दोन्ही स्निग्ध पदार्थात चांगले उतरतात. मीठ मात्र लोण्यात विरघळत नाही, त्यामुळे जाडे मीठ घातले तर एका घासाला खारट खडा आणि पुढच्या घासाला काहीच नाही असे होते. ते अगदी बारीक वाटूनच घालावे. चार कणसांना 50 ते 60 ग्रॅम लोणी पुरते. चमच्याच्या पाठीने ते दाण्यांच्या ओळींमधल्या खाचांत दाबून भरावे.

उत्तर (चाखून पाहा):
वरील सल्ला योग्य आहे, पण दहा-बारा माणसांचे वाढून होईपर्यंत मऊ लोणीसुद्धा गरम कणसावर वितळणारच. माझ्या मते अशा वेळी मेयोनीज किंवा पाणी पूर्ण निथळलेले घट्ट दही अधिक भरवशाचे ठरते, कारण त्याचा दाट थर कणसाला चिकटून बसतो आणि वरून भुरभुरलेला कोरडा मसालाही त्यावर टिकतो. लिंबू मात्र अगदी शेवटी, खाणाऱ्याने स्वतःच पिळावे. आधी पिळले तर रसाबरोबर मसाला धुऊन जातो.

उत्तर (कोवळा दाणा):
मसाल्याइतकाच कणसाच्या ताजेपणाचा विचार करावा, कारण कणीस तोडल्यापासून दाण्यांतल्या साखरेचे स्टार्च होऊ लागते आणि उष्णतेत हा बदल वेगाने होतो. उन्हाळ्यात म्हणूनच कणसे शक्यतो त्याच दिवशी आणावीत आणि पाने न सोलता फ्रिजमध्ये ठेवावीत. अतिशय गोड असलेल्या आधुनिक वाणांमध्ये गोडी जास्त दिवस टिकते, पण ताज्याची सर त्यालाही येत नाही. दाण्यात नख रुतवल्यावर दुधासारखा रस आला तर कणीस योग्य. चिकट पिठूळ गर आला, तर ते जून झाले.

कोवळ्या कणसाला उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे पुरतात. आपल्या सुरकुत्यांचे कारण बहुधा जास्त शिजवणे आणि नंतर उघड्यावर ठेवणे हे असावे. आधी तयारी करायची असेल, तर उष्णता धरून ठेवणाऱ्या झाकणाच्या स्वच्छ पेटीत सोललेली कच्ची कणसे रचावीत, ती पूर्ण बुडतील इतके उकळते पाणी ओतावे आणि पेटी बंद करावी. साधारण अर्ध्या तासात ती तयार होतात आणि पुढे तास-दीड तास गरम राहतात. गॅसही त्या काळात इतर पदार्थांना मोकळा राहतो. पेटी उकळते पाणी सहन करणारी आहे ना, एवढे मात्र आधी पाहावे.

प्रश्नकर्ता (जेवणावळ):
सर्वांचे आभार. पेटीची युक्ती नक्की करीन. थोडी कणसे निखाऱ्यांवर भाजायची असतील, तर मसाल्याचे लोणी भाजण्याआधी लावावे का?

उत्तर (खलबत्ता):
नाही. लोण्यातले दुधाचे घन कण निखाऱ्यांवर लगेच करपतात आणि लसूण कडू होतो. भाजण्याआधी फक्त तेलाचा पातळ हात फिरवावा, कणीस सतत फिरवत दहाएक मिनिटे, म्हणजे ठिकठिकाणी तपकिरी ठिपके पडेपर्यंत भाजावे आणि लोणी खाली उतरवल्यावरच लावावे.