वडिलोपार्जित गिन्या, पुतळ्यांची माळ आणि चार हिस्से

प्रश्न (मडगाव)

आमचे वडील 2009 मध्ये वारले आणि आई गेल्या माघात गेली. तिच्या लॉकरमध्ये एका जुन्या मखमली पिशवीत 27 गिन्या, 19 पुतळ्यांची एक माळ आणि एका बाजूला क्रूस असलेले एक लहानसे सोन्याचे नाणे निघाले. आजोबा तरुणपणी कराचीत एका पेढीवर मुनीम होते, त्या काळात त्यांनी या गिन्या एकेक करून जमवल्या, असे आई सांगत असे. माळ मात्र पणजीच्या वेळची आहे.

आम्ही चार भावंडे. दादा फोंड्याला असतात आणि लॉकरवर त्यांचे नॉमिनेशन आहे. ताई लिस्बनला स्थायिक झाली आहे. मधला भाऊ 2018 मध्ये वारला. त्याची पत्नी आणि बावीस वर्षांचा मुलगा म्हापशाला राहतात. चौथा मी. सर्व नाणी सराफाला देऊन पैसे सारखे वाटावेत असे दादांचे म्हणणे आहे. ताईला माळ हवी आहे. एका नातेवाइकाने वहिनींना सरळ सांगून टाकले की, नवरा गेल्यावर सासूच्या सोन्यात त्यांचा काही संबंध उरत नाही, आणि त्यामुळे घरात नको तितके वाईट वाटून गेले आहे. मी एका सराफाकडे दोन गिन्या दाखवायला नेल्या, तेव्हा त्याने त्या न मोजताच सरसकट घट धरून भाव सांगितला आणि वर त्या चकचकीत करून देण्याचीही तयारी दाखवली.

या नाण्यांची योग्य किंमत कशी ठरवावी आणि कोणालाही आपण फसलो असे न वाटता वाटणी कशी करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त सराफ, डिचोली)

पहिली गोष्ट म्हणजे नाण्यांना पॉलिश अजिबात लावू देऊ नका आणि चिंच, रिठा वगैरे घरगुती उपायही करू नका. आटवायच्या सोन्याला त्याने फरक पडत नाही, परंतु संग्राहकाच्या दृष्टीने घासलेले नाणे लगेच ओळखू येते आणि त्याची जादा किंमत तिथेच संपते.

आपल्याकडे ज्याला गिनी म्हणतात ते जवळजवळ नेहमी ब्रिटिश सॉव्हरिन असते. खरी गिनी हे त्याआधीचे, वेगळ्या वजनाचे नाणे. सॉव्हरिन 1817 पासून पाडले जाऊ लागले. त्याचे वजन 7.988 ग्रॅम, व्यास सुमारे 22 मिलिमीटर आणि कस 22 कॅरेट असतो, म्हणजे एका नाण्यात शुद्ध सोने 7.322 ग्रॅम भरते. हाताळून झिजलेले नाणे थोडे कमी भरेल, परंतु 7.938 ग्रॅमच्या खाली गेलेले नाणे ब्रिटिश कायद्यानेही चलनातून बाद होत असे, हे ध्यानात ठेवले तर झीज म्हणजे किती असू शकते याचा अंदाज येतो. ज्या सराफाने न तोलता घट धरली, त्याने तुमच्या भिडस्तपणाची परीक्षा घेतली, एवढेच मी म्हणेन.

प्रत्येक नाणे मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वेगवेगळे तोला, व्यास आणि जाडी मोजा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या आणि तक्ता तयार करा. नंतर हॉलमार्किंग केंद्रावर एक्सआरएफ (क्ष-किरणांच्या) यंत्राने कस तपासून घ्या. त्यात नाणे कापावे किंवा घासावे लागत नाही. मात्र हे यंत्र पृष्ठभागाचाच कस वाचते, त्यामुळे आत हलका धातू असलेले नाणे त्याला फसवू शकते. वजन, व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे एकाच वेळी जुळवणे मात्र अशा बनावट नाण्याला जमत नाही, कारण हलका धातू घातला की एक तर वजन कमी पडते किंवा जाडी वाढते.

आता भावाबद्दल. नाणी नाण्यांच्याच रूपात वाटली जात असतील, तर भाव काय होता याला अर्थच राहत नाही. शंभर ग्रॅमचे चार समान भाग कोणत्याही भावाला समानच असतात. भाव लागतो तो कमी-जास्त भरून काढताना. त्यासाठी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन जाहीर करते तो 24 कॅरेटचा दर एका ठरावीक दिवसाचा घ्या, आणि तो दिवस दर पाहण्यापूर्वी ठरवा. दुकानातला मोडीचा भाव आपसांत वापरू नका, कारण त्यात दुकानदाराचा नफा वजा झालेला असतो आणि घरात कोणी दुकानदार नाही.

उत्तर (नाणेसंग्राहक, फोंडा)

वरील तक्त्यात साल आणि टांकसाळीची खूण हे दोन रकाने वाढवा. पंचम जॉर्जच्या गिन्यांवर घोड्याच्या पायाखालच्या पट्टीवर, सालाच्या वर, भिंगाने पाहिल्यास एक बारीक अक्षर दिसते: मेलबर्नचे एम, सिडनीचे एस, पर्थचे पी, प्रिटोरियाचे एसए. मुंबईत सॉव्हरिन फक्त 1918 या एकाच वर्षी पाडले गेले आणि त्यावर आय हे अक्षर आहे. आजोबा कराचीत होते म्हणता, तर तुमच्याकडे ते असण्याचा संभव बराच आहे. कॅनडातील ओटावाचे सी हे अक्षर दिसले, तर ते नाणे ढिगात टाकू नका. 1917 साल आणि कोणतेच अक्षर नाही असे नाणे निघाले, तर ते एक तर फार दुर्मीळ आहे किंवा बनावट. दुसरी शक्यता अधिक धरावी. बाकी बहुतेक गिन्यांना सोन्यापेक्षा थोडीशीच जादा किंमत येते.

पुतळ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचा डुकाट. तो 1284 पासून पाडला जात होता आणि 1797 मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचा कस आणि सुमारे साडेतीन ग्रॅम वजन जवळजवळ बदलले नाही. सोने 24 कॅरेटच्या अगदी जवळचे. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि मागच्या बाजूला ख्रिस्त, अशा मानवाकृती त्यावर असल्याने आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. परंतु या नाण्याला येथे इतकी मागणी होती की, सोनारांनी त्याच्या नकला भरपूर केल्या. नकलेतली अक्षरे निरर्थक रेघोट्यांसारखी असतात आणि कसही कमी-जास्त निघतो, त्यामुळे एकोणीसही पुतळ्या स्वतंत्रपणे तपासा. कडी डाखलेल्या पुतळीला नाणे म्हणून फारशी जादा किंमत येत नाही. माळ म्हणून तिचे जे मोल आहे ते तुमच्या घरात आहे, बाजारात नाही.

क्रूस असलेले नाणे गोव्याच्या टांकसाळीतले, संत थॉमसच्या क्रुसाचे असू शकते. तसे असेल, तर ते वजनावर विकणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. त्याची पारख नुसत्या छायाचित्रावरून मी करणार नाही.

उत्तर (वकील, पणजी)

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने वस्तू कोणाच्या हाती द्यावी एवढाच नॉमिनेशनचा अर्थ असतो. दादांनी ती नाणी सर्व वारसांसाठी सांभाळायची आहेत.

वहिनींबद्दल जे सांगितले गेले ते गोव्याच्या कायद्याला धरून नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर येथे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा भाग असतो. वारशाने आलेली वस्तूही त्या सामाईकीत मिसळते. म्हणून नाणी आजोबांकडून आली असली, तरी निम्मी वडिलांची आणि निम्मी आईची धरावी लागतील. वडिलांचा निम्मा भाग 2009 मध्येच चार मुलांकडे आला, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश, कारण मुलगा आणि मुलगी यांत येथे भेद नाही. तुमचा मधला भाऊ त्या वेळी हयात होता, त्यामुळे त्याच्या एक अष्टमांशात वहिनींचा निम्मा भाग, म्हणजे एकूण सोन्याचा एक षोडशांश, त्यांच्या स्वतःच्या हक्काचा आहे. आईचा भाग मात्र भावाच्या मृत्यूनंतर खुला झाला, म्हणून तिथे भावाच्या जागी त्याचा मुलगा, म्हणजे तुमचा पुतण्या येतो. थोडक्यात, त्या शाखेचा हिस्सा चौथाच राहतो; त्यातला एक षोडशांश वहिनींचा आणि तीन षोडशांश पुतण्याचा.

सर्वांची संमती असेल, तर लेखी वाटणीपत्र करा आणि त्यावर दादांच्या, तुमच्या आणि ताईच्या जोडीदारांच्याही सह्या घ्या, कारण सामाईकीमुळे त्यांचाही संबंध येतो. स्पेशल नोटरीकडून (हे काम सब-रजिस्ट्रार पाहतात) वारसांचा सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, करून घ्यावा. मतभेद मिटले नाहीत, तर 2012 च्या गोवा वारसा कायद्याखाली कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी मागणारा दावा, घालता येते. तिथे एखाद्या वस्तूवर वारसांमध्येच बोली होते, ज्याला आपण लिसिटेशन म्हणतो.

करांबाबत एवढेच की, वारशाने सोने मिळाल्यावर आयकर लागत नाही. पुढे कोणी विकले, तर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्यावरील सेस आहे. जुन्या मालकाने वस्तू 1 एप्रिल 2001 पूर्वी मिळवलेली असेल, तर त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल आताच घेऊन त्याची प्रत प्रत्येकाने ठेवावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वहिनींना मी ते उत्तर वाचून दाखवले. गिन्यांचे गणित समजले, परंतु 27 चे चार भाग होत नाहीत आणि माळेवर आता ताईबरोबर दादाही हक्क सांगत आहेत. माळ तोडायला कोणाचेच मन होत नाही.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, पेडणे)

गिन्यांचे सोपे आहे. प्रत्येक शाखेला पावणेसात येतात. तिघांनी सात-सात घ्याव्यात आणि एकाने सहा. सात घेणाऱ्या प्रत्येकाकडून पाव गिनी, म्हणजे 1.83 ग्रॅम शुद्ध सोन्याची किंमत, सहावाल्याला मिळेल. त्याचे एकूण 5.49 ग्रॅम होतात. मुंबई टांकसाळीची किंवा ओटावाची गिनी निघालीच, तर ती या ढिगाबाहेर ठेवा, नाहीतर चिठ्ठीत जिंकणारा एक आणि रुसणारे तीन अशी अवस्था होईल.

माळेसाठी बंद पाकिटात बोली घ्या आणि ती रुपयांत नव्हे, शुद्ध सोन्याच्या ग्रॅममध्ये लिहा, म्हणजे ज्याच्याकडे रोख रक्कम नाही त्यालाही आपल्या गिन्या देऊन बोली पुरी करता येईल. समजा दादांनी 70 ग्रॅम लिहिले, म्हापशाच्या शाखेने 60, ताईने 84 आणि तुम्ही 66. माळ ताईची. प्रत्येकाच्या मते त्याचा चौथा हिस्सा अनुक्रमे 17.5, 15, 21 आणि 16.5 ग्रॅम, म्हणजे एकूण 70. ताईने माळेचे मोल 84 सांगितले, म्हणून 14 ग्रॅम शिल्लक उरतात, ते चौघांत साडेतीन-साडेतीन वाटायचे. दादांना 21, म्हापशाला 18.5 आणि तुम्हाला 20 ग्रॅम मिळतील, आणि ताई एकूण 59.5 ग्रॅम देईल. प्रत्येकाला त्याने स्वतः मानलेल्या हिश्शापेक्षा जास्तच पदरात पडते. अट एकच की, पाकिटे फोडण्यापूर्वी कोणी कोणाची बोली जाणून घ्यायची नाही. दुसऱ्याचा आकडा कळला की, त्याच्या खालोखाल बोली लावून फुकटचे ग्रॅम मिळवण्याचा मोह आवरत नाही.

उत्तर (नाणेसंग्राहक, फोंडा)

ताईने पाकीट भरण्यापूर्वी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे ही पुरावस्तू असते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. मूळ डुकाट तर दोनशे वर्षांपेक्षा जुने आहेत, त्यामुळे माळ जिंकली, तरी ती लिस्बनला न्यायची नाही. आजोबांच्या बहुतेक गिन्यांनाही हेच लागू होईल. माळ गोव्यात राहील हे समजूनच तिने आकडा लिहावा.

प्रश्नकर्ता

ताईशी काल रात्री फोनवर बोलणे झाले. माळ बाहेर नेता येणार नाही हे कळल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की, तरीही आपले पाकीट ती भरणार आहे. माळ मिळाली तर वहिनींच्या घरी ठेवावी आणि ती गणपतीला येईल तेव्हा घालेल. दादांनी नाणी घेऊन हॉलमार्किंग केंद्रावर यायचे कबूल केले आहे. क्रुसाचे नाणे पारख होईपर्यंत कोणाच्याच हिश्शात धरणार नाही.

काल संध्याकाळी पुतण्याने भिंग घेऊन सर्व गिन्या पाहिल्या. एकीवर 1918 साल आणि आय हे अक्षर आहे. ती वेगळी ठेवली आहे.